मध्यमाचा षड्ज

मिरजेत राहून सुरातलं काही कळत नाही असा माणूस सापडणं कठीण, आणि आपल्याला कळत नाही असं कबूल करणारा सापडणं त्याहून कठीण. चष्म्याच्या दुकानाचे मालक परागराव आरवाडे यांना तर सुरातलं बरंच कळतं असं त्यांचं स्वतःचं प्रामाणिक मत होतं. ते कधी मैफलीत बसून वाजवत नसत, कुणाचा गंडा बांधलेला नव्हता, परीक्षा दिलेल्या नव्हत्या. त्यांना एकच नाद होता. ते मेळ जुळवत बसत. ओळखीच्या रागातून एक स्वर काढायचा, भलताच एक आत घालायचा, आणि काय होतं ते बघायचं. दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत विचारायचं, "हे स्पष्ट दिसतं की हे? आणि आता?" संध्याकाळी घरी येऊन तोच उद्योग पेटीवर. हा गांधार बरा की तो?

पत्नी, दीपा, होती तोवर ती म्हणायची, "तुमच्या पेटीला नंबर लागलाय, एकदा तपासून घ्या." ती जाऊन सहा वर्षं झाली. घरात आता परागराव आणि त्यांची सव्वीस वर्षांची मुलगी शर्वरी, दोघंच.

शर्वरी 'नाही' म्हणणारी मुलगी होती. तीन वर्षांची असताना तिनं बालवाडीला नाही म्हटलं होतं, तेविसाव्या वर्षी एका चांगल्या स्थळाला, आणि मधल्या काळात बापाच्या बहुतेक सूचनांना. नाही म्हणताना तिचा आवाज चढत नसे. ती सरळ बघायची, म्हणायची आणि पुढच्या कामाला लागायची. परागराव चिडत, पण दुकानात आलेल्या ओळखीच्या माणसाला तिचे हे किस्से रंगवून सांगत, आणि सांगताना त्यांची छाती फुगलेली असे.

'अनुनाद' ही पेटी तिनंच त्यांच्या सत्तावन्नाव्या वाढदिवसाला आणली.

"बाबा, तुमच्या पेटीत बारा स्वर. हिच्यात पाहिजे तेवढे. आता बसा जुळवत."

दिसायला ती साध्या पेटीसारखीच, पण भाता नाही, आणि सोबत मनगटावर बांधायचा एक पट्टा. परागराव लहान मुलासारखे खूश झाले. गाणाऱ्याच्या गळ्याला बारा स्वर पुरत नाहीत. दोन स्वरांच्या मधल्या जागा पेटीवर नसतात, गळ्यात असतात. जुन्या शास्त्रकारांनी अशा बावीस श्रुती मोजल्या. षड्ज जागेवर ठेवून उरलेल्या एकवीस जागांतून सहा निवडायच्या म्हटलं, तर चौपन्न हजार दोनशे चौसष्ट मेळ होतात. परागरावांनी हिशेब केला आणि दिवसाला दोन या वेगानं आपल्याला आणखी चौऱ्याहत्तर वर्षं लागतील हे मुलीला अभिमानानं सांगितलं.

खरी गोम त्या पट्ट्यात होती. मानेतून छातीत आणि पोटात उतरणारी एक लांब नस आहे, व्हेगस. ती हृदयाला सांगते, सावकाश हो, सगळं ठीक आहे. सात-आठ वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांना असं आढळलं की प्रत्येक माणसाचा एक स्वतःचा षड्ज असतो. बोलताना वाक्य संपतं तेव्हा आवाज ज्या उंचीवर येऊन टेकतो, तो. त्या षड्जावर बसवलेला चौपन्न हजारांतला एकच मेळ असा असतो, की तो दहा मिनिटं संथ वाजवला तर ती नस पूर्ण जागी होते, आणि कानावर आलेल्या प्रत्येक गोष्टीला 'थांब, बघू दे' म्हणणारा मेंदूतला कोपरा झोपी जातो. याला त्यांनी निजमेळ असं नाव दिलं. आधी तो दवाखान्यांत आला, भाजलेल्या माणसांच्या वेदना कमी करायला. महिनाभर रोज ऐकवला की शरीराला ती वाट पाठ होते. मग सुरांचीही गरज उरत नाही; ते सूर चालू असताना जो बोलत होता त्याचा नुसता आवाज पुरतो. माहितीपत्रकात हे फायद्यांच्या यादीत छापलेलं होतं.

पट्टा कुणाच्याही मनगटावर बांधा, पेटी दोन-दोन मेळ वाजवून नाडीला विचारत जाई, हा की हा, आणि तासाभरात निजमेळ काढून देई. परागरावांच्या कामाहून ते काही फार वेगळं नव्हतं. प्रत्येक सत्राच्या शेवटी पेटीतून एक मायाळू बाई विचारी, "हा मेळ जपून ठेवू? चालेल?" हा शब्द कंपनीनं विचार करून निवडला असणार. मराठी माणसाला 'अटी मान्य आहेत का' विचारलं की तो अटी वाचायला चष्मा शोधतो, 'चालेल?' विचारलं की मान हलवतो.

पहिला पट्टा बांधला मेहबूबभाईंना. मेहबूबभाई तानपुरे बनवायचे. त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांच्या हातचा एक तानपुरा होता आणि परागराव त्यावर वीस वर्षं डोळा ठेवून होते. भाईंची कंबर दुखत होती, म्हणून ते पट्टा बांधून घ्यायला आले. तासाभरानं निजमेळ निघाला. परागराव तो वाजवू लागले तसा भाईंचा चेहरा सैल झाला.

"कंबर कशी आहे, भाई?"

"गेली ओ डॉक्टर. कंबर हाय का नाय, समजंना झालंय." चष्मेवाल्याला गावात डॉक्टरच म्हणतात.

परागराव गमतीनं म्हणाले, "मग तो वडिलांचा तानपुरा देऊन टाका मला."

"चालेल," मेहबूबभाई म्हणाले, आणि घरी जाऊन तो घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी भाई पायरीवर बसलेले होते. डोळे लाल. "डॉक्टर, मी दिला काल, ते आठवतंय मला. जोर नाय केला कुणी. पण का दिला ते सापडंना. घरच्यांनी विचारलं, काय सांगू त्यांना?" परागरावांनी तिथल्या तिथे तानपुरा परत केला, वर चहा पाजला, आणि ती पेटी पुन्हा कुणावर वाजवायची नाही असं मनाशी ठरवलं. निदान त्यांना तसं वाटलं. म्हणजे पेटी काय करू शकते हे त्यांना ठाऊक होतं. पुढे जे झालं ते अजाणता झालं, असं म्हणायची सोय त्यांना उरली नाही.

मे महिन्याच्या सुरुवातीलाच शर्वरीला पत्र आलं. लडाखमधल्या एका वेधशाळेत तीन वर्षांचं काम. ती भौतिकशास्त्र शिकली होती आणि सांगलीच्या एका क्लासमध्ये मुलांना उतरत्या घसरगुंडीवरच्या ठोकळ्यांची गणितं घालत होती. पत्र वाचून ती स्वयंपाकघरात एकटीच हसत उभी राहिली. परागरावांनी दारातून ते हसू बघितलं आणि पत्र घेऊन वाचलं.

"तीन वर्षं?"

"तीन वर्षं, बाबा."

"तिथं हवा विरळ असते. तुझी डोकेदुखी..."

"जाणार मी."

"निदान पुढच्या वर्षी जा. मी जरा..."

"नाही." तिनं सरळ बघून सांगितलं आणि कूकर लावला.

महिनाअखेर होकार कळवायचा होता. परागराव चार दिवस नीट जेवले नाहीत. रिकाम्या घरात किल्लीनं दार उघडून आपण आत येतोय, दिवा लावतोय, एकट्यासाठी भात टाकतोय, हे चित्र त्यांना पुन्हा पुन्हा दिसू लागलं. त्यांना भीती वाटत होती, एवढंच खरं. बाकी विरळ हवा वगैरे सगळी सबब होती.

पाचव्या दिवशी शर्वरीचं डोकं दुखत होतं. ती आपण होऊनच म्हणाली, "तो पट्टा बांधा हो बाबा, मेहबूबचाचांची कंबर थांबली होती ना."

त्यांनी बांधला. तिचा षड्ज पेटीच्या काळी चारवर निघाला आणि मेळ फार सुंदर होता. रिषभ कोमल, पण जरा वर सरकलेला, आणि मध्यम स्वच्छ, भरलेला. वाजवताना त्यांना स्वतःलाच इतकं बरं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यभर जुळवत बसलेल्या सगळ्या मेळांत आपण हाच शोधत होतो असं त्यांना वाटलं.

"डोकं थांबलं?"

"हो."

"रोज वाजवत जाऊ या का संध्याकाळी?"

"चालेल."

रोज संध्याकाळी दिवेलागणीला बापलेक बसू लागले. पहिले चार दिवस परागराव काही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, लडाख फार लांब आहे. आठव्या दिवशी म्हणाले, इथंही शिकवण्याचं काम चांगलंच आहे की. प्रत्येक वेळी ती हलकेच मान हलवी. प्रत्येक वेळी शेवटी पेटीतली बाई काहीतरी विचारी आणि परागराव तृप्त मनानं उत्तर देऊन झाकण लावीत. काय विचारलं हे त्यांना मागाहून आठवत नसे. वाजवण्याच्या आनंदात होतं असं, असं ते समजत.

तीस तारखेला सकाळी चहा घेताना ते म्हणाले, "मग कळवायचं का त्यांना, जमणार नाही म्हणून?"

पेटी बंद होती. पट्टा कपाटात होता.

"चालेल," शर्वरी म्हणाली. तिनं फोन घेतला आणि कळवलं.

परागराव त्या दिवशी दुकानात गुणगुणत होते. दुपारी डबा मात्र त्यांनी उघडून तसाच बंद केला. ते स्वतःला म्हणाले, उन्हाळा आहे.

पहिला महिना बरा गेला. घरात भांडण नाही. भाजीला मीठ कमी आहे म्हटलं की ती मीठ आणून देई. पूर्वी म्हणे, तुमचा रक्तदाब बघा आधी. परागरावांना तिच्या त्या बोलण्याची आठवण येऊ लागली. मग जुलैत एक बाई घरी आल्या, विवाहमंडळाच्या. त्यांनी हातातलं छोटंसं यंत्र टीपॉयवर ठेवलं, त्यातून मंद सूर येत होते. पाच-दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलून झालं आणि बाई म्हणाल्या, "रविवारी मंडळी येतील. चालेल ना?"

"चालेल," शर्वरी म्हणाली. मुलगा कोण, काय करतो, तिनं विचारलं नाही.

आणि गंमत अशी, की परागरावांनाही ते ठीकच वाटलं. बाई गेल्यावर चांगल्या तासाभरानं ते दचकून उठले. आपण का नाही विचारलं?

पुढच्या आठवड्यात ती घरी आली ती कोपराच्या खोबणीत कापसाचा बोळा चिकटवून.

"काय झालं गं?"

"काही नाही. एका नव्या औषधाची चाचणी आहे. रक्त घेतलं. दर पंधरा दिवसांनी इंजेक्शन घ्यायला जायचंय."

"कसलं औषध?"

शर्वरीनं क्षणभर आठवून बघितलं. "विचारलं नाही मी."

"सही केलीस?"

"त्यांनी विचारलं, चालेल का. तिथं छान काहीतरी वाजत होतं, बाबा. तुमच्या पेटीसारखं."

परागरावांनी तशीच पेटी उचलली आणि मेहबूबभाईंच्या कारखान्यावर गेले. भाई भोपळा तासत बसले होते. परागरावांनी सगळं सांगितलं, लडाखसकट. भाईंनी हातातलं हत्यार बाजूला ठेवलं.

"माझा तानपुरा परत दिलासा," ते म्हणाले, "आणि पोरीचं नाय दिलं."

परागरावांनी पेटी जमिनीवर ठेवली.

"वाजवा तो मेळ," भाई म्हणाले. "दोनच आवर्तनं. जास्त नको."

परागरावांनी वाजवला. भाई कान देऊन ऐकत होते, आणि ऐकताना परागरावांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मधेच त्यांनी पेटीवरचा परागरावांचा हात धरून थांबवला.

"डॉक्टर, तुमची पट्टी कुठली?"

"काळी एक."

"आन् पोरीची काळी चार. काळी चारचा मध्यम कुठं येतो?"

"काळी ए..." परागरावांचं वाक्य अर्धंच राहिलं.

"भूप वाजवा," भाई म्हणाले, "आणि त्याचा गांधार षड्ज धरा. काय ऐकू येतंय? मालकंस. सूर तेच, षड्ज हलला की राग दुसरा. मूर्च्छना म्हणतात ओ याला, तुम्हीच मला शिकवत असता की. तुमच्या पोरीचा मेळ तिच्या मध्यमावरनं ऐकला, तर तो तुमचा मेळ हाय. बापलेकीचे सूर ते, लांब कुठं जाणार? तिला गुंगवत होता ते खरं. पण सगळ्यात आधी गुंगत होता तुम्ही."

चौपन्न हजार मेळांच्या गप्पा मारणाऱ्या माणसानं मूर्च्छना तपासली नव्हती. गावभर लोकांचे नंबर काढले, स्वतःचा पट्टा एकदाही बांधला नव्हता.

"मग प्रत्येक संध्याकाळी ती बाई मला जे विचारत होती..."

भाईंनी पेटी त्यांच्यापुढे सरकवली. आतल्या नोंदी शोधायला दहा मिनिटं लागली. त्यात परागरावांचाच आवाज होता, जड, सुखावलेला. 'हा मेळ जपून ठेवू? चालेल?' 'चालेल.' 'कंपनीच्या इतर सेवांना देऊ? चालेल?' 'चालेल.' 'आमच्या भागीदारांना? शर्वरी जवळ आली की त्यांच्या यंत्रांनी हा मेळ लावावा, चालेल?' 'चालेल.' सव्वीस संध्याकाळी, सव्वीस वेळा. शेवटच्या काही नोंदींत तर प्रश्न पुरा व्हायच्या आतच त्यांनी उत्तर दिलं होतं.

"बंद करा," परागराव म्हणाले. ते रडत होते.

घरी येऊन त्यांनी कंपनीला फोन लावला. दरडावून बोलायचं असं ठरवून, मुद्दे कागदावर लिहून, कागद हातात धरून. पलीकडून सांगण्यात आलं की तुमची तक्रार महत्त्वाची आहे, कृपया थांबा, आणि थांबलेल्यांसाठी हलकंसं, ओळखीचं संगीत सुरू झालं. वीस मिनिटांनी एक मुलगा बोलायला आला. त्यानं नम्रपणे समजावलं, की दिलेला मेळ परत घेता येत नाही, तो आता हजारो यंत्रांत आहे. आपण ही तक्रार मिटली असं लिहू या का? चालेल?

"चालेल," परागराव म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांना शांत वाटत होतं. त्यांनी खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घातलं. मग हातातल्या कागदाकडे लक्ष गेलं. त्यावर त्यांच्याच हातचं, मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: काही झालं तरी ऐकायचं नाही. ते तिथंच जमिनीवर बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्वरी बाहेर निघाली होती. पायात चप्पल, खांद्याला पिशवी. आज पहिलं इंजेक्शन होतं. परागराव दार अडवून उभे राहिले. रात्रभर त्यांनी ठरवलं होतं की काहीही लपवायचं नाही, आणि त्यांनी लपवलं नाही. पट्टा, निजमेळ, लडाख, पेटीतली बाई, स्वतःची भीती, सगळं सांगितलं. तुझ्या मनात माझं बोलणं मी घुसवलं, तू राहायचं ठरवलंच नव्हतंस, असं स्पष्ट शब्दांत सांगितलं.

शर्वरीनं लक्ष देऊन ऐकून घेतलं. तिच्या कपाळावर आठी आली नाही.

"शर्वरी, चिड की माझ्यावर. काहीतरी बोल."

"चिडते, बाबा," ती समजूतदारपणे म्हणाली. तिनं भुवया जवळ आणल्या आणि त्यांच्याकडे बघत राहिली, पुरे झालं का ते कळायची वाट बघत.

परागरावांनी तिचे दोन्ही खांदे धरले. एवढं झाल्यावर त्यांना एकच गोष्ट सुचत होती. एकदा तरी तिनं सरळ बघून त्यांना धुडकावून लावावं, त्यांना ढकलून दाराबाहेर जावं, लडाखला, कुठंही, बापाचं तोंड न बघता; मग त्यांनी आयुष्यभर एकट्यापुरता भात टाकला असता आणि एका शब्दानं तक्रार केली नसती.

"तिथं गेल्यावर ते विचारतील, चालेल का. तू नाही म्हणायचंस. आत्ता म्हणून दाखव मला. म्हण, नाही."

"नाही," शर्वरी म्हणाली.

"असं नाही गं. मनापासून. मोठ्यानं म्हण."

"नाही!" शर्वरी मोठ्यानं म्हणाली. मग तिनं बापाच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं आणि हळूच विचारलं, "आता आलं का बरोबर, बाबा?"